दिमडी घ्यायची, पण कोणती?

मित्रांनो, आमच्या बदलापूर गावाच्या नावाची एक गोष्ट इथले म्हातारे सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळात कल्याणहून घाटाकडे निघालेले स्वार उल्हास नदीच्या काठी इथं थांबायचे. दमलेली घोडी सोडायची, ताज्या दमाची घ्यायची आणि पुढं दौड मारायची. घोडी बदलायचं ठिकाण म्हणून बदलापूर!

ही गोष्ट आज सांगायचं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी आम्ही एक वाद्य घ्यायला निघालो आणि त्या वाद्यामागेही एक घोडा निघाला. शिवाय काय बदलायचं नि काय राखायचं, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापुढं उभा राहिला. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

त्याचं असं झालं. माझी भाची सातवीत शिकते. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात खंडोबाचं जागरण बसवायचं ठरलं आणि दिमडी वाजवायचं काम हिच्याकडे आलं. बाईंनी सांगितलं, "दिमडी ज्याची त्यानं आणायची." झालं! घरी येऊन तिनं माझ्यामागं धोशा लावला. "मामा, दिमडी हवी. पण खरी हवी हं, प्लॅस्टिकची नको!"

आमच्या घरात दिमडीचं नाव नवं नाही. माझे वडील, म्हणजे भाचीचे आजोबा, खंडोबाचे जुने भक्त. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. घरात लग्न झालं की आमच्याकडे जागरण होतंच. चौक मांडायचा, देव बसवायचे, भंडारा उधळायचा आणि रात्रभर वाघ्या-मुरळीनं मल्हारीच्या, म्हाळसेच्या, बाणाईच्या कथा गायच्या. वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घोळ म्हणजे छोट्या घंटांचा जुडगा, आणि साथीला तुणतुणं. पहाटेपर्यंत कुणाचा डोळा लागत नाही. एखाद्याच्या अंगातही येतं. तेव्हा आप्पांना बरोबर घेतलं आणि आम्ही तिघं जवळच्याच एका जत्रेत गेलो.

एवढंसं वाद्य, पण...

दिमडी तुम्ही पाहिली असेल. साधारण वीतभर रुंदीचं एक कडं, लाकडाचं किंवा धातूचं. त्याच्या एका बाजूला कातडं ताणून बसवलेलं, दुसरी बाजू उघडी. डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. बस्स, एवढंच! पण याच जातीची वाद्यं जगभर सापडतात. आपली हलगी आणि डफ ही दिमडीची मोठी भावंडं. कड्यात झांजा बसवल्या की झाली खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) हीच खंजिरी वाजवत गावोगाव भजनं म्हटली आणि लोकांना जागं केलं.

आता जरा दूर जाऊ. पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. सायबेरियातल्या आदिवासींमध्ये आपल्याकडच्या भगतासारखा एक माणूस असतो. त्याला शामान म्हणतात. एव्हेंकी नावाच्या लोकांच्या भाषेतला हा शब्द. शामानचं मुख्य साधन म्हणजे मोठ्या कड्याचा, एका बाजूनं मढवलेला ढोल. कडं झाडाच्या लाकडाचं, कातडं हरणाचं किंवा घोड्याचं. हे लोक म्हणतात, हा नुसता ढोल नव्हे, हे वाहन आहे. ज्या जनावराचं कातडं, त्याच्यावर बसून शामान देवांच्या मुलखात जातो. ढोल म्हणजे घोडा आणि वाजवायची काठी म्हणजे त्याचा चाबूक!

आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "मग आपलं काय वेगळं आहे? आपला खंडोबा घोड्यावरच बसतो. दिमडी वाजायला लागली की टापाच ऐकू येतात."

दिमडी पारखायची कशी?

जत्रेत वाद्यांची दोन-तीन दुकानं होती. दुकानं म्हणजे जमिनीवर पसरलेली ताडपत्री. भाचीनं पहिलीच दिमडी उचलली. रंगीत, झिरमिळ्या लावलेली. आप्पा म्हणाले, "ठेव खाली. आधी डोळ्यांनी बघ, मग बोटांनी, मग कानांनी."

मग त्यांनी तिला जे शिकवलं ते तुमच्यासाठी इथं देतो.

आधी कडं बघायचं. लाकडी असेल तर त्याला चीर नको, गाठ नको. गाठीपाशी लाकूड पुढं तडकतं. जमिनीवर पालथं ठेवून बघायचं. डुगडुगलं तर कडं वाकडं आहे, कातड्याला सगळीकडे सारखा ताण बसणार नाही. फणसासारखं घट्ट लाकूड वाद्यांना चांगलं. दक्षिणेतला मृदंग आणि खंजिरा फणसाच्याच लाकडाचे करतात.

मग कातडं. दिमडी उजेडाकडे धरायची. शेळीचं कातडं चांगलं कमावलेलं असेल तर त्यातून पिवळसर उजेड दिसतो. कुठं दाट, कुठं विरळ दिसलं तर जाडी सारखी नाही. सुरीचा निसटता घाव लागला असेल तर तोही दिसतो. उद्या तिथंच फाटणार! नाकाजवळ न्यायची. कातड्याचा वास येणारच, पण सडका वास नको.

शेवटी आवाज. मध्यावर एक थाप, मग काठाकाठानं गोल फिरत बोटानं टिचक्या. सगळीकडे आवाज सारखा आला तर ताण सारखा.

आणि एक गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्यात दिमडी हमखास मुकी होते. कातडं हवेतलं पाणी शोषतं, सैल पडतं आणि आवाज खाली उतरतो. म्हणून हलगीवाले वाजवण्याआधी पाचोळा पेटवून हलगी शेकतात. ऊब लागली की पाणी उडतं, कातडं आवळतं आणि हलगी कडाडते. शेकायचीही लांबून, नाहीतर कातडं करपून तडकतं!

कापडाखालची दिमडी

भाचीनं दहा-बारा दिमड्या अशा पारखल्या. एकही मनास येईना. ते पाहून दुकानदार म्हणाला, "पोरीला कान आहे. थांबा, खास माल दाखवतो." त्यानं मागच्या गाठोड्यातून एक दिमडी काढली. कातडं पातळ, काळपट, त्यावर बारीक बारीक खवल्यांची नक्षी.

भाचीनं त्यावर बोट मारलं आणि तिचे डोळेच चमकले. खरं सांगतो मित्रांनो, आवाज फार सुंदर होता! स्वच्छ आणि टणत्कारी. आधीच्या सगळ्या दिमड्या त्यापुढं फिक्या.

"हीच घ्यायची, मामा!"

"कशाचं कातडं हे?" आप्पांनी विचारलं.

दुकानदार हलक्या आवाजात म्हणाला, "घोरपडीचं."

तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड तुम्हाला ठाऊक असेलच. दोर बांधलेली ती घोरपड सिंहगडाचा कडा चढून गेली, अशी दंतकथा सांगतात. ही घोरपड आपल्या बदलापूरच्या शेतांच्या बांधांवर, नदीकाठच्या झाडीतही असते. ती विषारी नाही. किडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरं खाऊन ती शिवार साफ ठेवते. तिचं कातडं पातळ आणि चिवट, म्हणून खंजिरीसारख्या लहान वाद्यांना ते पूर्वीपासून लावत आले. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला वाघाच्याच रांगेत, पहिल्या परिशिष्टात बसवलं आहे. तिला मारणं, तिचं कातडं विकणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे. त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

मी हे भाचीला सांगितलं. ती हिरमुसली. पण तिचा प्रश्न बिनतोड होता. "पण मामा, ती तर आधीच मेलीय ना? आणि शेळी मेलेली चालते, मग घोरपड का नको? आणि खरी दिमडी अशीच असते ना, आजोबा?"

मला पटकन उत्तर सुचेना. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी ती दिमडी हातात घेतली, एकदाच वाजवली आणि परत खाली ठेवली.

आप्पांचं उत्तर

आप्पांनी खिशातून भंडाऱ्याची पिशवी काढली. पिवळी पडलेली, साध्या कापडाची.

"वाघ्याला वाघ्या का म्हणतात, माहीत आहे?" त्यांनी भाचीला विचारलं. "पूर्वी वाघ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी असायची ती वाघाच्या कातड्याची. माझ्या आजोबांकडे तशी होती, असं माझे वडील सांगायचे. ती गेली, कापडाची आली. म्हणून खंडोबानं आमच्याकडचा भंडारा घेतला नाही, असं झालं का? पूर्वी नवस बोलून लहान मुली देवाला सोडायचे, मुरळी करायचे. त्या पोरींचे फार हाल झाले. ती रीत बंद झाली, ते फार बरं झालं. जागरण काही बंद पडलं नाही. उलट आज तू, एक मुलगी, स्वतःच्या हौसेनं दिमडी वाजवणार आहेस."

भाची ऐकत होती.

"आता तुझा दुसरा प्रश्न. शेळी माणूस पाळतो, वाढवतो. ती खाण्यासाठी मारली, तरी तिचं कातडं फुकट घालवायचं नाही म्हणून वाद्याला लावतो. घोरपड रानातली. ही मेलेली आपण घेतली, तर उद्या हा दुसरी मारून आणेल. तू पैसे देशील ते या दिमडीचे नाहीत, पुढच्या घोरपडीचे असतील. माझ्याकडेही तरुणपणी अशीच दिमडी होती. फाटली तेव्हा मी शेळीचं कातडं लावून घेतलं. आवाज थोडा बदलला. मग हात बदलला. झालं."

मित्रांनो, मी एवढी पुस्तकं वाचली, पण हे उत्तर मला देता आलं नसतं!

ढोल जप्त झाला तेव्हा

कुणी म्हणेल, असं एकेक बदलत गेलं तर परंपरेत उरणार काय? त्यासाठी आणखी एक गोष्ट ऐका. युरोपच्या उत्तर टोकाला सामी नावाचे लोक राहतात. रेनडिअर पाळणारे. त्यांच्या भगतांकडेही ढोल असत. रेनडिअरचं कातडं आणि त्यावर झाडाच्या सालीच्या तांबड्या रंगानं काढलेली सूर्याची, देवांची, जनावरांची चित्रं. धर्मगुरूंनी नि अधिकाऱ्यांनी हे ढोल सैतानाचे ठरवले, हिसकावून घेतले, जाळले. 1691 मध्ये अँडर्स पौल्सेन नावाच्या म्हाताऱ्या सामी माणसाचा ढोल असाच जप्त झाला. त्यानं न्यायालयात एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला. पण ढोल काही परत मिळाला नाही. तो डेन्मार्कला गेला आणि त्याची मालकी सामींच्या संग्रहालयाला परत मिळाली ती 2022 मध्ये. तीनशेहून अधिक वर्षांनी!

तिथं बाहेरच्यांनी जबरदस्तीनं वाद्यच हिरावून घेतलं. आप्पांनी तसं केलं नाही. त्यांनी वाद्य ठेवलं, गाणं ठेवलं, देव ठेवला. फक्त एका जिवाचं कातडं सोडलं, तेही आपण होऊन. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अखेर दिमडी मिळाली

जत्रेच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे कारागीर बसले होते. स्वतः कातडं कमावून स्वतः दिमड्या मढवणारे. आप्पांनी त्यांना रामराम घातला आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. भाचीनं पुन्हा एकेक दिमडी उजेडाला धरली, काठाकाठानं टिचक्या मारल्या. सातवी की आठवी दिमडी तिनं खाली ठेवलीच नाही. शेळीचं कातडं, लाकडी कडं, एकही झिरमिळी नाही. आवाज घोरपडीइतका टणत्कारी नव्हता, पण गोल नि भरीव होता.

पैसे देताना मी सवयीनं घासाघीस करायला लागलो. आप्पांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. परतताना म्हणाले, "कातडं कमावायचं म्हणजे चुना, घाण, वास, सगळं अंगावर घ्यायचं. ज्यांनी हे काम केलं, त्यांना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं. त्यांनी मढवलेलं वाद्य मात्र थेट देवासमोर नेलं! दिमडीला हळद लावतो आपण. करणाऱ्याच्या हाताला निदान पुरता दाम तरी द्यावा."

स्नेहसंमेलन छान झालं. भाचीची दिमडी मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली. आप्पा पुढंच बसले होते. कार्यक्रम संपल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, टापा ऐकू आल्या का?"

आप्पा म्हणाले, "आल्या की! घोडा तेवढा बदललाय."

करून पाहा

भरतकामाचं लाकडी कडं घ्या. बटरपेपर किंचित ओला करून तो खळीनं कड्यावर चिकटवा. सावलीत वाळू द्या. कागद ताणला जाईल. बोटानं वाजवून आवाज लक्षात ठेवा. आता ओलं फडकं त्यावरून हलकेच फिरवा आणि पुन्हा वाजवा. मग कडं थोडा वेळ उन्हात ठेवा आणि तिसऱ्यांदा वाजवा. काय फरक पडला? आता सांगा, हलगीवाले हलगी का शेकतात?