ताडोबाची पहिली फेरी

सन १९५५ हे वर्ष दोन अगदी परस्परविरुद्ध कारणांसाठी प्रवासी मनुष्याने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी, तेव्हा मध्यप्रदेशात मोडणाऱ्या चांदा जिल्ह्यातील ताडोबा तलावाभोवतीच्या सुमारे ११६ चौरस किलोमीटर वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आणि त्याच वर्षीच्या १७ जुलै रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड नामक क्रीडानगरीचे दरवाजे प्रथम उघडले. त्या नगरीत आरंभापासून असलेल्या ‘जंगल क्रूझ’ या नौकाविहारात खरेखुरे वन्य प्राणी सोडावेत अशी वॉल्ट डिस्ने यांची मूळ इच्छा होती. परंतु खरे प्राणी दिवसा एकतर झोपतील किंवा दडून बसतील असा जाणकारांनी सल्ला दिल्यावरून यांत्रिक पाणघोडे आणि यांत्रिक मगरी त्या पाण्यात बसविण्यात आल्या, आणि नाव जवळ येताच पाणघोड्याने डोके वर काढावे असा शिरस्ता पडला. जाणकारांचा तो सल्ला ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा असे मला पुष्कळदा वाटते.

वाटण्याचे कारण वरोऱ्यात राहणाऱ्यास सहज उमगेल. नागपूरहून चंद्रपूरकडे जाणारा हमरस्ता आमच्या गावावरून जातो, आणि सुट्यांच्या मोसमात ताडोबास निघालेली कुटुंबे येथे चहापाण्यास थांबतात. त्यांत सिंगापूर, दुबई, हाँगकाँग पाहून आलेली मंडळी आता थोडी नसतात. तेथील विहारनगऱ्यांत तिकीट काढले की ठरलेल्या घटकेस ठरलेला चमत्कार घडतो, रांग किती मिनिटांची आहे हेही फलकावर लिहिलेले असते, आणि पैशाचा मोबदला पैशाच्या मापाने पदरात पडतो, तो अनुभव गाठीशी असल्यामुळे “वाघ नक्की दिसेल ना?” हा प्रश्न ते चहावाल्यालासुद्धा विचारतात. प्रश्न निरागस असतो, परंतु ताडोबात जाणाऱ्याने घरीच ठेवून यावी अशी पहिली वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी तोच प्रश्न सांगेन.

घरून न्यावयाच्या वस्तूंचा तपशील तसा अल्प आहे, मात्र त्यात कसूर खपत नाही. गाभा क्षेत्रातील फेरीची नोंदणी संगणकावरून आगाऊ करावी लागते, प्रत्येक दरवाजास वाहनांची संख्या बांधून दिलेली असल्यामुळे शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिना यांच्या जागा फार आधी संपतात, आणि नोंदणीत जे नाव व जो ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेच अस्सल ओळखपत्र दरवाजावर दाखवावे लागते. नाक्यावरील कारकून नोंदवहीतील नाव आणि समोरचा चेहरा ताडून पाहतो. ऐन वेळी मावसभावाऐवजी मेहुणा आला तर कितीही आर्जव केले तरी तो बाहेरच राहतो. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, आणि १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पावसाळ्यानिमित्त ते पूर्णपणे मिटलेले असते. या साध्या गोष्टी ठाऊक नसल्यामुळे रजा काढून, गाडी ठरवून, मंगळवारी येऊन पोहोचलेली कुटुंबे आमच्या गावाने पाहिली आहेत.

दरवाजा कोणता निवडावा यावर नवखे लोक फार खल करतात. मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, झरी आणि पांगडी असे गाभा क्षेत्रात शिरण्याचे सहा मार्ग आहेत. वरोऱ्याहून भद्रावतीमार्गे गेले की मोहर्ली, आणि चिमूर रस्त्याने खडसंगीपर्यंत जाऊन वळले की नवेगाव. नागपूरकर उमरेड, भिसी, चिमूर असे येऊन कोलारा गाठतात. सध्या अमुक दरवाजावर अमुक वाघीण पिल्लांसह हमखास दिसते, अशा वार्ता मोबाइलवरून रोज फिरत असतात आणि त्या बहुधा खऱ्याही असतात. परंतु नोंदणी होते आधी, वार्ता येते मागाहून, आणि तुमचा दिवस उजाडेपर्यंत वाघीण डोंगर उतरून दुसऱ्या मुलखात गेलेली असते. तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणापासून जो दरवाजा जवळ तो उत्तम, हा माझा कौल आहे. पहाटे अंधारात तीस किलोमीटर अनोळखी रस्ता कापत जाऊन दरवाजा गाठण्यापेक्षा तेवढी झोप पदरात पाडून घेतलेली बरी. पेंगुळलेल्या माणसास समोरचे सांबरही दिसत नाही.

वस्त्रप्रावरणाविषयी बाहेर पुष्कळ चुकीच्या समजुती आहेत. शिकाऱ्याचा खाकी पोशाख आणि रुंद काठाची टोपी यांवाचून अडत नाही. भडक लाल वा पांढराशुभ्र रंग आणि उग्र अत्तर एवढे टाळले म्हणजे झाले. खरी काळजी घ्यावयाची ती थंडीची आणि धुळीची. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतून पहाटे निघाले की वाऱ्याने कानशिले बधिर होतात, आणि तीच मंडळी नऊ वाजता उन्हाने हैराण होऊन एकेक कपडा उतरवू लागतात. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घालावेत आणि मफलर विसरू नये. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारच्या फेरीत पाण्याची बाटली आणि डोक्याला ओला पंचा यांहून मौल्यवान काही नसते. मागील बाकावर धक्के अधिक बसतात, म्हणून कंबरेची तक्रार असलेल्या वडीलधाऱ्यांस मधल्या बाकावर बसवावे. भ्रमणध्वनी गाभा क्षेत्रात नेण्यास मनाई आहे, आणि या मनाईबद्दल मी वन खात्याचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आता प्रत्यक्ष फेरी. जिप्सी आणि गाईड पाळीने मिळतात, पसंतीने नव्हे. एका वाहनात सहा प्रवासी, वाहनचालक आणि गाईड. हे गाईड आसपासच्या गावांतले असतात. मोहर्लीसारख्या ठिकाणी स्त्रियाही हे काम करतात. त्यांची पहिली दहा मिनिटे जो नीट पाहील त्याला पुढचे चार तास कंटाळा येणार नाही. आपण झाडांत डोळे खुपसून बसलेले असतो आणि गाईडची नजर मात्र रस्त्याच्या धुळीवर खिळलेली असते. धुळीत वाघाचे पाऊल उमटले आहे एवढे पाहून तो थांबत नाही. पावलावर चाकाची खूण चढली आहे की चाकाच्या खुणेवर पाऊल पडले आहे, हे तो वाकून पाहतो. पहिले असेल तर जनावर आपल्या पुढच्या गाडीच्या आधीच निघून गेले. दुसरे असेल तर ते गाडीनंतर, म्हणजे अगदी आत्ता, येथून गेले. पावलाची कड तीक्ष्ण आहे की वाऱ्याने ढासळली आहे, मागच्या पायाचा ठसा चौकोनी आहे की लांबट, यावरून नर की मादी याचा अंदाज तो बांधतो आणि चालकाला हाताने एक दिशा दाखवतो. हे सारे अर्ध्या मिनिटात, एक शब्दही न उच्चारता होते.

पावले संपली की कान सुरू होतात. चितळाचा तीव्र इशारा, झाडाच्या शेंड्यावरून वानराचे खाकरणे, भेकराचे भुंकणे, टिटवीचा आरडाओरडा, या सगळ्यांस गाईड लोक ‘कॉल’ म्हणतात, आणि प्रत्येकाची पत त्यांच्या दप्तरी निराळी असते. चितळ भित्रे, ते बिबट्याला, कोळसुन्यांना, कधी नुसत्या सळसळीलाही ओरडते. वानराला वरून दिसते, म्हणून त्याची साक्ष अधिक ग्राह्य. परंतु सांबर जेव्हा पाय आपटून, शेपूट ताठ करून ‘पोंक’ असा एकच घोगरा आवाज काढते, आणि काढतच राहते, तेव्हा गाईड चालकाच्या खांद्यावर हात ठेवतो.

“थांबव. सांबर बोलून राहिला.”

“साहेब, उठू नका जी. बसूनच पाहा.”

मग वाट पाहणे सुरू होते, आणि नवखा प्रवासी येथेच नापास होतो. पाच मिनिटे तो श्वास रोखून बसतो, दहाव्या मिनिटास बिस्किटाचा पुडा कुरकुरतो, पंधराव्या मिनिटास “दुसरीकडे जाऊ या का?” असा प्रस्ताव येतो. गाईड बहुधा नम्रपणे म्हणतो, “अजून थोडं थांबू, उठला तं ह्याच बाजूनं पाण्यावर येईल.” प्रवाशांनी आग्रह धरलाच तर तो गाडी काढावयास सांगतो, कारण नाराज पाहुण्याची तक्रार त्यालाच भोवते. माझा अनुभव असा, की वाघ न दिसलेल्या फेऱ्यांपैकी पुष्कळ फेऱ्या या विसाव्या मिनिटाला सोडून दिलेल्या असतात. जंगलात भरधाव हिंडून वाघ शोधता येत नाही, आणि वेगमर्यादा तशी मुभाही देत नाही; उन्हाळ्यात तर पाणवठ्याशी गाडी उभी करून बसणे हाच शहाणपणाचा मार्ग. त्या दिवसांत उकाड्याने त्रस्त झालेला वाघ पाण्याकडे पाठ करून, एकेक पाऊल मागे सरकत, शेपटीकडून पाण्यात उतरतो आणि गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटतो. कोणत्याही यांत्रिक प्राण्यास कोणी अशी बैठक शिकविली असती तर प्रेक्षकांनी ती अविश्वसनीय ठरविली असती.

वाट पाहण्याचा काळ रिकामा असतो असे मात्र नाही. उभ्या गाडीतून पाहिले म्हणजे सागाच्या आणि बांबूच्या गर्दीतून एकेक झाड वेगळे होऊ लागते: मगरीच्या पाठीसारख्या खवल्यांच्या सालीचा ऐन, चांदण्यात भुतासारखा भासणारा पांढऱ्या खोडाचा कराया, मार्च-एप्रिलात जमिनीवर फुलांचा सडा टाकणारा मोह. ताडोबा ते मोहर्ली रस्त्याच्या कडेने गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. राजाची स्वारी निघाल्याची वर्दी त्यांवरील दोर व घंटांच्या योगे पुढे पोहोचविली जात असे, अशी परंपरागत समजूत आहे. तलावाच्या काठी तारूचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, त्याच्याच नावावरून ताडोबा. पौष महिन्यात आदिवासी भाविक येथे जत्रेस येत. वाघ पाहावयास निघालेल्या आपणां सर्वांचे यजमानपद वाघाने मारलेल्या माणसाकडे आहे, ही गोष्ट फारच थोड्या पाहुण्यांच्या ध्यानी येते.

आणि कधीकधी वाघ खरोखरीच येतो. तेव्हा दहा-बारा जिप्स्या एकाच वळणावर जमतात, कॅमेऱ्यांची नळकांडी पुढे सरसावतात, आणि “थोडी पुढे घ्या, थोडी पुढे” असा कुजबुजाट सुरू होतो. चालकाला अधिक बक्षिसाचे आमिष दाखवून गाडी वाघाच्या वाटेत आडवी घालावयास लावणारे महाभाग याच घटकेस प्रकट होतात. वाट अडवली गेलेली वाघीण पिल्लांना घेऊन झाडीत शिरते आणि मागाहून आलेल्यांस काहीच दिसत नाही. नियमभंगाचा जाब मात्र पाहुण्याला नव्हे, चालकाला आणि गाईडला द्यावा लागतो, व त्यांची रोजी बुडते. बक्षीस द्यावयाचेच तर फेरी संपल्यावर द्यावे, आणि वाघ दिसला नाही तरी द्यावे. कारण काम तेवढेच झालेले असते.

सुमारे ६२५ चौरस किलोमीटरच्या गाभ्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर आहे, आणि त्यात माणसांची गावे आहेत. तिथल्या फेऱ्या स्वतंत्र असतात, नोंदणी तुलनेने सुलभ असते, आणि गाभ्याइतकाच वाघ तेथेही हिंडतो. आगरझरीसारख्या ठिकाणी गावकऱ्यांनीच पर्यटनाचा कारभार हाती घेतला आहे. परंतु ज्या वाघासाठी आपण पैसे मोजतो त्याच वाघाच्या धास्तीने मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या बाया पहाटे जथ्याने निघतात, आणि दर उन्हाळ्यात त्यांतील काही घरी परतत नाहीत. जंगलाच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे बाहेर हलविली गेली तेव्हा कोठे आजची ती कुरणे मोकळी झाली, जेथे चितळांचे कळप चरतात आणि आपण छायाचित्रे घेतो. हे ठाऊक असले म्हणजे “वाघ दिसला नाही, पैसे फुकट गेले” हे वाक्य गाईडसमोर उच्चारण्याचे धैर्य सहसा होत नाही.

परतीच्या वाटेवर वरोऱ्यास अर्धा दिवस काढता आला तर आनंदवन पाहावे. बाबा आमटे यांनी १९४९ साली माळरानावर सुरू केलेली ती वसाहत गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. मात्र ताडोबा, आनंदवन, भद्रावतीची लेणी आणि चंद्रपूरचा किल्ला हे सारे दोन दिवसांत कोंबण्याचा जो कार्यक्रम काही प्रवासी आखून आणतात, त्यात कशाचेच धड दर्शन होत नाही.

पहिल्याच खेपेस येणाऱ्याने तीन दरवाजांच्या तीन फेऱ्या नोंदवू नयेत. एकच दरवाजा धरावा, आणि त्याच दरवाजाच्या लागोपाठ सकाळच्या दोन व दुपारची एक अशा फेऱ्या घ्याव्यात. पहिल्या फेरीत रस्ते कळतात, दुसरीत कॉल कानाला ओळखीचे होतात, आणि तिसरीत गाईडने हात वर करण्याआधीच आपली मान त्या बाजूस वळते. नोंदणी करताना मधे मंगळवार येत नाही ना, एवढे पंचांगात पाहून घ्यावे.