उघडी सीमा, बंद दप्तरे

महाराष्ट्रात सीमाप्रश्न म्हटला की बेळगाव, निपाणी, कारवार डोळ्यांपुढे येतात. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण शीव कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिथे भांडण नाही. पैनगंगा वाहते; उमरखेडच्या बाजूला पलीकडे नांदेड, आणि पूर्वेकडे सरकत केळापूर, झरी-जामणीपर्यंत आले की समोर तेलंगणातले आदिलाबाद. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले तेव्हापासून ही नदी दोन राज्यकारभारांमधली रेघ आहे. १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचा अंमल होता. १९५६ च्या पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट नांदेडला आणि राजुरा पुढे चांद्याला जोडला गेला, उरलेले आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले आणि २०१४ मध्ये तेलंगणात गेले. एवढ्या उलथापालथीत नदीकाठची माणसे मात्र एकमेकांत मिसळलेलीच राहिली. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, तेलुगू या बोली दोन्ही तीरांवर आहेत. केसलापूरच्या नागोबा जत्रेला महाराष्ट्रातले गोंड जातात, आणि पाटणबोरीच्या माणसाला यवतमाळपेक्षा आदिलाबादचा बाजार जवळ पडतो. जिथे ये-जा इतकी मोकळी आहे तिथे सीमेचा प्रश्नच उरत नाही, असे कुणालाही वाटेल. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. मोकळी ये-जा आणि दोन प्रशासनांचे सहकार्य या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असून दुसरी नसेल तर सीमेचा फायदा दलालाला होतो व तिची किंमत काठावरच्या माणसाला मोजावी लागते.

युरोपातल्या सीमाभागांवरच्या संशोधनाने हाच फरक पुढे आणला. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवर ग्रोनाऊ भागातल्या गावांनी १९५८ मध्येच ‘युरेजिओ’ नावाची संयुक्त संस्था काढली. १९९० पासून ‘इंटररेग’ कार्यक्रमातून अशा कामांना युरोपीय संघाचा पैसा मिळू लागला. शेंगेन करारानंतर नाकी उठली, तेव्हा आता सीमा संपली असे अनेकांना वाटले होते. पण २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने सीमाभागांचा आढावा घेतला तेव्हा दिसले की अडथळे दप्तरांत शिल्लक आहेत: एका देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही, विमा सीमेवर थांबतो, करांचे नियम जुळत नाहीत. संघाचा सुमारे ४० टक्के भूभाग आणि जवळजवळ ३० टक्के लोकसंख्या अशा अंतर्गत सीमाभागांत आहे. पिरेनीज पर्वतात पुइग्सेर्दा या स्पॅनिश गावी २०१४ मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश रुग्णांसाठी सामाईक रुग्णालय सुरू झाले. तिथे इमारतीपेक्षा कागद जुळवणे अवघड गेले: फ्रेंच बाळाचा जन्म कुठे नोंदवायचा, मृतदेह सीमेपार कसा न्यायचा, बिल कुणी भरायचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ते वेगवेगळे देश, एकमेकांशी लढलेले. आपण एक देश, एक राज्यघटना, एक चलन. आपल्याला त्यांचे काय? याचे उत्तर कापसाने दिलेले आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून लागू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा होता आणि तो खोटा नव्हता. पण एकाच मातीतली, एकाच पावसावरची पऱ्हाटी नदीच्या अलीकडे एका कायद्यात आणि पलीकडे दुसऱ्या कायद्यात उभी राहिली. बाहेर भाव चढला, किंवा इथला चुकारा रखडला, की कापूस आदिलाबादकडे वाहायचा. इथला हमी दर बाहेरच्या बाजारापेक्षा वर गेला की बाहेरचा कापूस इकडच्या केंद्रांवर यायचा. पहिल्या वेळी योजनेला माल मिळेना, दुसऱ्या वेळी तिचा तोटा फुगला. शेतकरी संघटनेने या राज्यबंदीला उघड विरोध केला तो स्वातंत्र्याच्या तत्त्वावर; सीमेवरच्या शेतकऱ्याला मात्र तत्त्वाची चर्चा लागत नव्हती, त्याला दोन भाव समोर दिसत होते. मधला फरक खिशात घातला तो गाडी, ओळख आणि नाक्यावरची सोय ज्याच्याकडे होती त्याने. योजना संपून दोन दशके उलटली, पण गणित तेच आहे. आज तणनाशक सहन करणारे बेकायदा कापूस बियाणे, ज्याला शेतकरी ‘चोर बीटी’ म्हणतात, त्याच वाटांनी फिरते.

माणसांच्या बाबतीत हा फरक अधिक बोचरा आहे. बंजारा समाज तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहे. तेलंगण भागाला ही ओळख १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने मिळाली. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत मोडतो. ज्या पुसद तालुक्यातल्या गहुलीने वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री दिला, तिथला तांडा आणि पलीकडचा तांडा यांच्यात सोयरीक आहे, दाखला वेगळा. आदिलाबादच्या गोंड-कोलामांचा आरोप असा की १९७६ नंतर महाराष्ट्रातून लंबाडा कुटुंबे येऊन स्थायिक झाली आणि त्यांनी जमातीच्या जागा, जमिनी घेतल्या. २०१७ मध्ये त्यावरून तिथे मोठे आंदोलन पेटले. महाराष्ट्रात २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा दाखला देत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला, तेव्हा इथल्या आदिवासींनी विरोध केला. एका राज्यातला दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात सवलतीला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले होते. म्हणजे नियम स्पष्ट आहे. तो पाळला जातो की नाही हे तपासायला दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि दोन राज्यांची दप्तरे एकमेकांना दिसत नाहीत. जिथे आकडा नसतो तिथे आरोप वाढतो, आणि दोन गरीब समाज समोरासमोर उभे राहतात.

मग सीमाच हलवा, असेही सुचवले जाते. तेलंगणाने २०१८ मध्ये शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि ‘रयतू बंधू’खाली एकरी रोख मदत सुरू केल्यावर नांदेडच्या काही सीमावर्ती गावांनी तिकडे जाण्याची भाषा केली. मागणीतला राग खरा आहे, उपाय फसवा. किनवट, राजुरा हलवूनही नवी रेघ तयार झालीच. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या, दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेल्या गावांत तर मराठी आणि तेलुगू शाळा, दोन रेशनकार्डे, दोन मतदारयाद्या अशी दुहेरी श्रीमंती आहे. तरी जमिनीच्या पट्ट्यांसाठी ती माणसे वर्षानुवर्षे झुरत आहेत. दोन सरकारे हजर असणे आणि दोन सरकारांनी मिळून काम करणे यांतले अंतर तिथे उघड दिसते. उलट २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने ती घुसखोरी मानली. पुइग्सेर्दात दवाखाना करारातून उभा राहिला. आपल्याकडे तो दाव्याचे हत्यार झाला.

आपल्याला हे जमतच नाही, असे मात्र नाही. पैनगंगेच्या पाण्यावर महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला. निम्न पैनगंगा धरण बुडिताच्या भीतीने आणि वाढत्या खर्चाने अडकले. बुडणाऱ्या गावांचा विरोध अकारण नव्हता. पण २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाने करार केला आणि त्यातून केळापूर तालुक्यातला चनाखा व पलीकडचा कोरटा यांच्यामधल्या बॅरेजचा मार्ग मोकळा झाला. मधली एकेचाळीस वर्षे हा त्या सहकार्याचा वेग. १ जानेवारी २०२० पासून तर ही दोन्ही राज्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये आली. धान्याचा हक्क नदी ओलांडू शकतो, तर उपचाराचा हक्क का नाही? झरी-जामणीच्या माणसाला आदिलाबादचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सोयीचे पडत असेल, तर त्याच्या राज्याच्या योजनेने तिथले बिल भरावे, एवढाच करार हवा.

दुसरा आक्षेप जड आहे. सीमा आणखी सैल केली तर गुन्हेगाराचे फावेल. झरी-जामणीच्या कोलाम पोडांतल्या (वस्त्यांतल्या) कुमारी मातांचा प्रश्न विसरून याचे उत्तर देता येणार नाही. बाहेरून आलेले ठेकेदार आणि त्यांची माणसे मुलींना फसवून निघून गेली, आणि त्यांतले काही राज्य ओलांडून गेले. पण हे सीमा उघडी असल्यामुळे झाले, की पलीकडच्या ठाण्याशी रोजचा व्यवहार नसल्यामुळे? रस्ता तर बंद होणार नाही. पाटणबोरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ काश्मीर-कन्याकुमारी जोडतो. सुटणाऱ्याला उघडा आणि शोधणाऱ्याला बंद, अशी आजची सीमा आहे.

हे काम करणारे व्यासपीठ कागदावर आहे, पण त्यातही गंमत आहे. १९५६ च्या कायद्याने क्षेत्रीय परिषदा नेमल्या, त्यांत महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि तेलंगणा दक्षिण परिषदेत. पैनगंगा या दोन परिषदांच्या बरोबर मधून वाहते. जिल्हा पातळीवर निवडणुका आल्या की दोन्हीकडचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक एकत्र बसतात. दारू, रोकड, फरार आरोपी यांची यादी जुळवतात. आचारसंहिता संपली की बैठकही संपते. तीच बैठक दर तिमाहीला घ्यावी, तीत आरोग्य, कृषी आणि आदिवासी प्रकल्प अधिकारी बसवावेत, आणि पहिल्या वर्षी फक्त मोजणी करावी: किती रुग्ण, किती मुले, किती मजूर, किती क्विंटल कापूस कोणत्या महिन्यात नदी ओलांडतो. टिपेश्वरचा ‘वॉकर’ वाघ २०१९ मध्ये तेलंगणातून फिरून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याच्या तेराशे किलोमीटरची नोंद आपल्याकडे झाली. पाटणबोरीहून आदिलाबादच्या दवाखान्यात जाणाऱ्या बाईची नोंद ठेवायला पट्टाही लागत नाही, केसपेपरवर गावाच्या नावापुढे राज्याचा एक रकाना पुरतो.