कंपवात ओळखायला हवा तो पाहणारा डोळा

रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसणारे एखादे आजोबा डोळ्यांपुढे आणा. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतो, पण अंगठा व तर्जनी सारखी थरथरत असतात, जणू जपमाळेचा मणी फिरतो आहे. ख्रिस्तशरीर घेण्यासाठी तोच हात पुढे केला की थरथर बरीचशी थांबते. वेदीकडे जाताना पावले आखूड व घासत पडतात. एक हात झुलतो, दुसरा अंगाला चिकटल्यासारखा राहतो. शेजारी म्हणतात, "वय झाले." घरचे म्हणतात, "बाबा हल्ली हसत नाहीत, सदा रागावलेले दिसतात." गावातला कोणी म्हणतो, "लकवा असेल."

बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. हा कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार असू शकतो. आमच्या या पानावर आज त्याविषयी लिहीत आहोत ते रुग्णांसाठी तर आहेच, पण त्याहून अधिक रुग्णाला सर्वप्रथम पाहणाऱ्यांसाठी आहे: दवाखान्यातल्या सिस्टर, कंपाउंडर, गावचे डॉक्टर आणि आशाताई. कारण या आजाराची खूण रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. डोक्याचा फोटो काढतात तो मुख्यतः दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते पाहून, विचारून आणि हात लावून. पाहणाऱ्याला शिकवले नसेल, तर रुग्ण समोर बसूनही आजार दिसत नाही.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. आपल्या मेंदूच्या तळाशी एक काळसर भाग असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. विहिरीचे पाणी आटत जावे तशा या पेशी हळूहळू कमी होतात आणि लक्षणे उघड दिसू लागतात तोवर बऱ्याचशा गेलेल्या असतात. हा आजार संसर्गाचा नाही आणि कोणाच्या पापाची शिक्षाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता.

तपासणाऱ्याने काय पाहावे?

१. मंदपणा. ही मुख्य खूण आहे. ती नसेल तर कंपवात म्हणता येत नाही. रुग्णाला अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगावे. कंपवातात टिचकी हळूहळू लहान होत जाते व मध्येच अडते. कागदावर एक वाक्य लिहायला सांगावे. अक्षर पुढे पुढे बारीक होत जाते.

२. ताठरपणा. रुग्णाचा हात सैल सोडायला सांगून कोपरात हलवावा. दातेरी चाक फिरावे तसा तो अडखळत वाकतो.

३. थरथर. हात स्वस्थ असताना होते आणि बहुधा एकाच बाजूने सुरू होते. चहाचा कप उचलल्यावरच दोन्ही हात हलत असतील, तर तो बहुधा निराळा विकार असतो व त्याची औषधेही निराळी. मात्र थरथर मुळीच नसलेले कंपवाताचे रुग्णही पुष्कळ असतात. "हात हलत नाही, मग हा आजार नाही," असे म्हणू नये.

मंदपणा आणि त्याबरोबर ताठरपणा किंवा थरथर दिसली, तर रुग्णाला मेंदूरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. चार प्रश्नही विचारावेत: धुपाचा किंवा फोडणीचा वास येतो का? बद्धकोष्ठ किती वर्षांपासून आहे? झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे होते का? मन उदास असते का? ही लक्षणे कधी कधी थरथरीच्या कित्येक वर्षे आधी सुरू होतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. औषधांची पिशवी पाहिल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनच्या गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, मानसिक विकारावरचे हॅलोपेरिडॉल यांनी हुबेहूब कंपवातासारखी अवस्था होऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषध बंद केले, की पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात. अशा माणसाला जन्मभराचा रोगी ठरवणे हा मोठाच अन्याय होय. तसेच ज्याला खरा कंपवात आहे, त्याला ही औषधे दिली तर आजार बळावतो.

उपचाराचे काय? आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही, पण माणसाला पुन्हा चालते-बोलते करणारे औषध आहे. त्याचे नाव लेव्होडोपा. १९६० च्या दशकात ते वापरात आले आणि आजही तेच सर्वांत गुणकारी आहे. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते कार्बिडोपासह आहे. ते घड्याळ पाहून, ठरल्या वेळीच घ्यावे लागते. शक्यतो जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावे, कारण दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिने त्याच्या आड येतात. म्हणून डाळ-दूध सोडायचे नाही, फक्त वेळ सांभाळायची. गोळी एकाएकी कधीही बंद करू नये. तसे केल्यास अंग ताठून तीव्र ताप येऊ शकतो व जिवावर बेतू शकते. रुग्ण पाय मोडून किंवा ताप येऊन दुसऱ्याच कारणाने रुग्णालयात दाखल झाला, की ही गोळी विसरली जाते. वॉर्डातल्या सिस्टरांनी हे ध्यानात ठेवावे आणि नातेवाइकांनीही न घाबरता सांगावे. रोज चालणे व व्यायाम हे औषधाइतकेच आवश्यक आहेत.

आमचे शेतकरी बंधू विचारतील, "खाजकुहिलीच्या बिया खाल्ल्या तर?" प्रश्न रास्त आहे. ज्या वेलीला इकडे माळव्यात कौंच म्हणतात, तिच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच लेव्होडोपा वेगळे काढले होते. पण कोणत्या बीमध्ये ते किती, हे घरी कळत नाही. गोळीबरोबर चूर्णही घेतले तर मात्रा वाढून भास होणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे असे त्रास होतात. तेव्हा चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि डॉक्टरांनीही न रागावता विचारावे.

डॉक्टरांनी आणखी एक विचारावे: "शेतात काय फवारता?" अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवात सुमारे अडीचपट आढळला. फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायजन्य आजार मानला. फवारणारा प्रत्येक जण आजारी पडतो असे नव्हे. तरी सोयाबीन असो वा गहू, औषध उघड्या हाताने कालवू नये. हातमोजे, तोंडावर फडके व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, वाऱ्याकडे पाठ ठेवावी, घरी येताच साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. रिकाम्या डब्यात पाणी भरू नये.

पोप जॉन पॉल दुसरे यांना हाच आजार होता. त्यांचा थरथरता हात व वाकलेली पाठ साऱ्या जगाने पाहिली. २००५ साली निधन होईपर्यंत त्यांनी ते लपवले नाही. ११ फेब्रुवारी हा जागतिक आजारी दिन त्यांनीच १९९२ साली ठरवून दिला.

इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, मेंदूरोगतज्ज्ञही आहेत. अडचण आहे ती देपालपूर-सांवेरच्या वाटेवरच्या पहिल्या दवाखान्याची, जिथे "वय झाले" म्हणून माणूस परत पाठवला जातो. म्हणून आमची सूचना अशी, की येत्या ११ फेब्रुवारीला मिस्सेनंतर एक तास काढावा. पॅरिशमधील डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर नेणारे सेवक यांनी एकत्र बसावे व एखाद्या मेंदूरोगतज्ज्ञाकडून वरील खुणा प्रत्यक्ष शिकून घ्याव्यात. बोटांची टिचकी, कोपराचा ताठरपणा, चाल आणि औषधांची पिशवी: एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

तोवर हे पान कापून जवळच्या दवाखान्यात नेऊन द्या. आणि मागच्या बाकावरच्या त्या आजोबांना शांतीचे चिन्ह देताना हात जरा जास्त वेळ हाती धरा. तो स्वस्थ असताना थरथरतो का, ते कळेल. आणि आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे त्यांनाही कळेल.