पालकांना सहचिकित्सक मानणारी व्यवस्था : उत्तर कॅरोलायनाचा ‘टीच’ कार्यक्रम

स्वमग्न मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील ‘टीच’ या कार्यक्रमाला वेगळे स्थान आहे. स्वमग्नता हा आईवडिलांच्या वागणुकीचा परिणाम नसून मुलाच्या मेंदूच्या विकासातील वेगळेपण आहे, हे मान्य करून निदान, शिक्षण, पालकांचे मार्गदर्शन आणि प्रौढपणीचा आधार या साऱ्यांची सांगड या कार्यक्रमाने एका राज्याच्या पातळीवर घातली.

या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वीची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढील दोन दशकांत मात्र थंड, मायेचा ओलावा नसलेल्या आईमुळे मूल स्वतःत मिटून जाते, असा समज तज्ज्ञांमध्ये रूढ झाला. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम हे या मताचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते होते आणि मुलाला आईवडिलांपासून दूर, निवासी संस्थेत ठेवणे हा उपचाराचाच भाग समजला जाई. आधीच हवालदिल झालेल्या कुटुंबांवर अपराधाचे ओझे लादणाऱ्या या विचाराला बेटेलहाइम ज्या विद्यापीठात शिकवत, तेथेच शिकलेल्या एरिक शॉपलर यांनी आव्हान दिले. १९२७ मध्ये जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आणि १९३८ मध्ये नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेल्या शॉपलर यांनी, ही मुले दृष्टी, स्पर्श आदी संवेदना वेगळ्या रीतीने हाताळतात का, या प्रश्नावर संशोधन केले. साहजिकच त्यांच्या लेखी आईवडिलांना दोष देण्याला काही आधार उरला नाही.

१९६६ मध्ये शॉपलर आणि मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट रायक्लर यांनी केंद्र सरकारच्या अनुदानावर चॅपल हिल येथे एक संशोधन प्रकल्प सुरू केला. त्यात चिकित्सक मुलासोबत काम करत असताना आईवडील ते एकदिशा काचेमागून पाहत, पुढे तेच काम स्वतः करून दाखवत आणि घरी रोज त्याचा सराव घेत. आपल्या मुलाला सर्वांत जवळून ओळखणारी माणसे म्हणून त्यांना सहचिकित्सकाचा दर्जा देण्यात आला होता. याच काळात, मुलांना मोकळे सोडले असता आणि ठरावीक आखणीनुसार शिकवले असता काय फरक पडतो, याची तुलनाही करण्यात आली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आखणी असलेल्या सत्रांत मुलांचे लक्ष आणि वर्तन सुधारल्याचे दिसले. अनुदानाची मुदत सरत आली तेव्हा पालकांनीच राज्याच्या विधिमंडळाकडे पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये हा प्रकल्प कायद्याने राज्यव्यापी कार्यक्रम झाला.

या कार्यक्रमाची अध्यापनपद्धती ‘संरचित अध्यापन’ या नावाने ओळखली जाते. बोललेले शब्द क्षणात विरून जातात, परंतु डोळ्यांसमोरची वस्तू टिकून राहते, आणि अनेक स्वमग्न मुलांना ऐकण्यापेक्षा पाहून अधिक उमजते, या निरीक्षणावर ती उभी आहे. वर्गातील प्रत्येक जागेचा उपयोग कपाट, सतरंजी किंवा पडद्याने स्पष्ट केलेला असतो. दिवसाचे वेळापत्रक मुलाच्या समजेनुसार वस्तू, चित्रे किंवा लिखित शब्दांत मांडलेले असते. स्वतंत्र कामाच्या टेबलाशी बसलेल्या मुलासमोर चित्रांच्या तीन चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या असतात. पहिली चिठ्ठी काढून ते डावीकडच्या कप्प्यांतील तेच चित्र असलेल्या टोपलीवर चिकटवते, त्या टोपलीतील नट आणि बोल्ट वेगळे करते आणि झालेले काम उजवीकडच्या खोक्यात टाकते. कोणते काम करायचे, किती करायचे, ते संपले हे कसे ओळखायचे आणि नंतर काय, या चारही प्रश्नांची उत्तरे त्याला कोणी न बोलता मिळतात. सतत सूचना देणाऱ्या मोठ्यांवरचे त्याचे अवलंबन त्यामुळे कमी होते आणि पुढे काय घडणार या अनिश्चिततेतून येणारी अस्वस्थताही ओसरते.

शिकवण्याची सुरुवात कोठून करायची, हे ठरवण्यासाठी १९७९ मध्ये ‘पेप’ ही मूल्यमापन पद्धती तयार झाली. एखादी कृती जमली किंवा जमली नाही, एवढीच नोंद न करता अर्धवट जमणाऱ्या, उमलू पाहणाऱ्या कौशल्यांची वेगळी नोंद ती करते आणि अध्यापनाचा आरंभ तेथूनच होतो. मुलाची उणीव मोजण्याऐवजी त्याच्या शक्यतेकडे पाहण्याची दृष्टी येथे मोजमापाच्या तंत्रातच उतरली आहे. निदानासाठी विकसित झालेल्या ‘कार्स’ या मापिकेत १५ बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण दिले जातात.

संशोधनाचा कौल मात्र तारतम्याने वाचला पाहिजे. २०१३ मधील एका एकत्रित विश्लेषणात १३ अभ्यास तपासले असता सामाजिक वर्तन आणि वर्तनसमस्या यांवर या पद्धतीचा परिणाम लक्षणीय, तर भाषा आणि आकलन यांवर तो अल्प आढळला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालवाडीतील तुलनात्मक अभ्यासात ‘टीच’, ‘लीप’ नावाची दुसरी पद्धती आणि विशिष्ट पद्धती न पाळणारे, तरीही दर्जेदार असलेले विशेष वर्ग या तिन्हींत मुलांची प्रगती झाली आणि कोणतीही एक पद्धती निर्विवाद सरस ठरली नाही. म्हणजे नावापेक्षा वर्गाचा दर्जा आणि शिक्षकाचे प्रशिक्षण यांनाच अधिक महत्त्व द्यावे लागते.

भारतात १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश करून सर्वसमावेशक शिक्षणाचे दायित्व शासनावर टाकले. महाराष्ट्रातील शाळांनाही ते लागू आहे. चित्रांचे वेळापत्रक, पडद्याने वेगळा केलेला कोपरा आणि झालेल्या कामाचे खोके यांना फारसा खर्च येत नाही, त्यामुळे साध्या शाळेलाही त्यांपासून आरंभ करता येईल. उत्तर कॅरोलायनाकडून घेण्याजोगी याहून मोठी गोष्ट म्हणजे विद्यापीठाचे संशोधन, राज्याचा कायदा व निधी आणि पालकांचा अधिकार यांची तेथे पडलेली गाठ. पालकांना उपचारापासून दूर ठेवणाऱ्या काळात त्यांनाच सहकारी मानल्यामुळे अनुदान संपल्यावरही ते कार्य टिकले. म्हणूनच कोणत्याही शाळेने स्वमग्न मुलासाठी योजना आखताना पालकांना केवळ माहिती देऊन न थांबता निर्णयात सहभागी करून घेतले पाहिजे.