मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि संगणक

"डॉक्टर, पोराच्या औषधाचं आता संगणक ठरवणार का?" वाणगावच्या एका आईने मला काळजीने विचारले. तिची शंका रास्त होती.

मुलांत अधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात प्रथम धोक्याचा गट ठरवतात. वय १ ते १० वर्षांच्या आत आणि एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी ५०,०००पेक्षा कमी असल्यास धोका सहसा कमी मानतात. मात्र जनुकीय तपासण्या व पहिल्या औषधांचा परिणाम पाहून गट बदलूही शकतो.

बऱ्याच औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते. उंची १०० सेंटिमीटर, वजन १६ किलो असल्यास पृष्ठभाग सुमारे ०.६७ चौरस मीटर भरतो. संगणक हा हिशोब क्षणात करतो आणि मात्रा जास्त होत असल्यास सावध करतो. निर्णय डॉक्टरांचाच असतो.

परंतु वजन चुकीचे नोंदले तर हिशोबही चुकणार. म्हणून पालकांनो, परळच्या टाटा रुग्णालयात जाताना जुने सर्व कागद सोबत न्या. प्रत्येक खेपेस वजन-उंची मोजून घ्या. एखादी गोळी चुकली असेल किंवा झाडपाल्याचे औषध दिले असेल, तर न लाजता सांगा. रागावण्यासाठी नव्हे, मुलाच्या भल्यासाठीच डॉक्टर ते विचारतात.