बिऱ्हाडाचे वजन किती?

मे-जून महिना आला की बदल्यांचे हुकूम निघतात. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, रेल्वेचे कर्मचारी अशी कितीतरी घरे बाहेरगावाहून आलेली असतात. त्यांतली काही दरवर्षी नव्या गावी जातात. एखाद्या सकाळी दारात टेम्पो उभा राहतो, गाद्यांच्या वळकट्या बाहेर येतात, आणि बघता बघता सारे घर गाडीत चढते.

पण त्याच्या आठ दिवस आधी आणखी एक गोष्ट घडलेली असते. वाहतूकदाराचा माणूस येतो, घरभर फिरतो, वहीत काही टिपतो आणि एक आकडा सांगतो. अमुक इतके रुपये पडतील! त्याने ना तराजू आणलेला असतो, ना एकही वस्तू उचलून पाहिलेली असते. मग हा आकडा त्याने काढला कसा? आणि तो खरा मानायचा की नाही? ज्या घरात महिन्याचा पगार मोजूनमापून पुरवला जातो, तिथे हा प्रश्न साधा नाही. चला, त्याच्या वहीत डोकावून पाहू या.

कापूस आणि ज्वारी

भोकर-किनवटच्या रस्त्यावर हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. कापूस गाडीच्या बाहेर फुगलेला असतो, तरी गाडीचे चाक फारसे दबलेले दिसत नाही. आता तीच गाडी ज्वारीच्या पोत्यांनी भरा. पोती अर्ध्या उंचीपर्यंतही पोचणार नाहीत, तोच गाडीची वजनाची मर्यादा संपते.

म्हणजे प्रत्येक गाडीला दोन मर्यादा असतात : एक जागेची, दुसरी वजनाची. माल हलका आणि फुगीर असेल तर जागा आधी संपते; जड आणि आटोपशीर असेल तर वजन आधी भरते. कोणती मर्यादा आधी येणार हे ठरते घनतेवरून.

मग घरसामानाची घनता किती? खुर्चीच्या चार पायांमध्ये हवाच असते. रिकाम्या फ्रिजमध्ये हवा, कूलरमध्ये हवा, गादीच्या कापसातही हवा. अमेरिकेत बिऱ्हाडे हलवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे : एक घनफूट सामान म्हणजे सात पौंड, म्हणजेच सुमारे ३.२ किलो. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८.३ किलो भरते. म्हणजे सरासरी घरसामान पाण्याच्या नवव्या हिश्शाइतकेच दाट! बिऱ्हाड हे ज्वारीपेक्षा कापसाच्या जातीचे आहे. म्हणूनच वाहतूकदार वजनाआधी घनफूट मोजतो.

वहीतली यादी

एक उदाहरण घेऊ. समजा, भोकरच्या एका शिक्षकांची बदली लातूरला झाली आहे. घर तीन खोल्यांचे. वाहतूकदार प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची डोळ्यांनी मापतो व गुणाकार करतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असे लोखंडी कपाट म्हणजे सुमारे ३० घनफूट. अशी दोन कपाटे ६०. सुटा केलेला पलंग २५, तीन गाद्या १८, फ्रिज २०, कूलर २५, धुलाई यंत्र १२, टेबल-खुर्च्या ४०. स्वयंपाकघरातली भांडी आठ खोक्यांत ३२, कपडे व अंथरुणे दहा खोक्यांत ४०, पुस्तके सहा लहान खोक्यांत ९. ज्वारी, गहू व डाळीची पन्नास किलोंची सहा पोती १५. टीव्ही, शिवणयंत्र, सायकल, देव्हारा आणि किरकोळ मिळून ६०. बेरीज करून पाहा : ३५६ घनफूट.

पण सामान पाण्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यांत भरत नाही. वस्तूंच्या मध्ये पोकळ्या राहतातच. समजा, गाडीतली पाचवा हिस्सा जागा अशी वाया जाते. मग लागणारी जागा ३५६ भागिले ०.८, म्हणजे ४४५ घनफूट. १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच अशी बंद पेटी असलेल्या गाडीत ५०४ घनफूट जागा असते. सामान बसेल असे दिसते.

आता वजन. ठोकताळ्याने ३५६ गुणिले ३.२, म्हणजे सुमारे ११४० किलो. पण थांबा! मराठवाड्यातल्या घरात वर्षाचे धान्य असते आणि शिक्षकांच्या घरात पुस्तके असतात. त्या सहा पोत्यांचे वजन ३०० किलो आहे, पण ठोकताळा त्यांना ४८ किलोच धरतो. पुस्तकांचे एक खोके २७ किलोंचे धरले तर सहा खोक्यांचे १६२ किलो होतात. ठोकताळ्यात ते फक्त २९ किलो. या दोन वस्तू वेगळ्या मोजल्या की एकूण वजन १५०० किलोंच्या घरात जाते. परक्या देशातला ठोकताळा आपल्या घराला जसाच्या तसा लावता येत नाही, तो असा.

वजनाची मर्यादा ओलांडणे नुसते धोक्याचे नाही, महागही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी, २००५ साली आलेली छोटी गाडी सुमारे पाऊण टन भार वाहण्यासाठी बनवली होती. आपले दीड टनाचे बिऱ्हाड तिच्यात एका फेरीत नेता येणार नाही हे उघड आहे.

जिना आणि भाकरी

आता हमालीकडे वळू. लातूरचे नवे घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे जमिनीपासून ६ मीटर उंच आहे असे धरू. १५०० किलो वस्तुमान ६ मीटर वर चढवण्यासाठी लागणारे कार्य तुम्ही सूत्राने काढू शकता : १५०० × ९.८ × ६ = ८८,२०० ज्यूल. कॅलरीच्या हिशेबात हे केवळ २१ किलोकॅलरी होतात. भाकरीच्या एका लहानशा तुकड्यात याहून अधिक ऊर्जा असते! मग हमाल घामाघूम का होतात?

कारण हमाल सामानाबरोबर स्वतःलाही वर नेत असतो. एका खेपेला सरासरी २५ किलो नेले तर ६० खेपा होतात. प्रत्येक खेपेत ६० किलोंचे त्याचे शरीरही चढते, म्हणजे आणखी ३६०० किलो. शिवाय स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात बदलतात. बाकीची उष्णता होते. हे सारे धरले की २१ किलोकॅलरींचे जवळजवळ २९० होतात. त्यातही खाली उतरणे, सपाटीवर चालणे आणि कपाट हातांत धरून जिन्याच्या वळणावर थांबून राहणे आलेले नाही. वस्तू नुसती धरून ठेवताना भौतिकशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे कार्य शून्य असते, पण स्नायू मात्र थकत असतात.

म्हणून अनुभवी माणूस ज्यूल मोजत नाही, खेपा मोजतो. एका खेपेला चार मिनिटे लागली तर ६० खेपांना २४० मिनिटे. चार हमाल असतील तर एक तास. गाडी बोळात शिरत नसेल आणि दारापासून शंभर पावलांवर थांबणार असेल, तर हीच चार मिनिटे सहा होतात. म्हणूनच तो सामान पाहण्याआधी जिना आणि गल्ली पाहून घेतो, आणि नव्या घराचीही चौकशी करतो.

या हिशेबाला माणसाची पाठही जोडलेली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला. पूर्वी बाजारात शंभर किलोंचे पोते पाठीवर घेतले जाई. ते पन्नास किलोंचे व्हावे म्हणून हमालांच्या संघटना झगडल्या. ओझे हलके केले की खेपा वाढतात, वेळ वाढतो, भाडेही थोडे वाढते. कमी भाडे सांगणारा चारांऐवजी दोनच माणसे आणत असेल, तर ती बचत कोणाच्या तरी पाठीवर झालेली असते.

रिकामी फेरी

भोकरहून नांदेड, तिथे गोदावरी ओलांडून लोहा, अहमदपूर, चाकूर आणि लातूर. हे अंतर २०० किलोमीटरांच्या आसपास आहे. पण हिशेब ४०० किलोमीटरांचा होतो, कारण गाडीला परत यायचे असते. गाडी एका लिटरमध्ये ८ किलोमीटर जात असेल तर ५० लिटर डिझेल लागेल. लातूरहून परतीचा माल मिळाला तर हा खर्च दोघांत वाटला जातो. म्हणून एकाच बिऱ्हाडासाठी दोन वाहतूकदार वेगवेगळे भाडे सांगतात आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात!

विसरलेली वस्तू

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अंदाजात चुका दोन प्रकारच्या असतात. कपाट ३० घनफुटांऐवजी ३२ धरले आणि कूलर २५ ऐवजी २३ धरला, तर चुका एकमेकींना खोडून काढतात. वस्तू जितक्या जास्त, तितक्या अशा चुका परस्पर भागतात. पण विसरलेली वस्तू शून्य धरली जाते. ही चूक नेहमी एकाच बाजूला, कमीकडे, जाते. तिला खोडणारी चूक नसते, कारण घरात नसलेली वस्तू कोणी यादीत लिहीत नाही.

आपल्या यादीत काय राहिले? माळ्यावरच्या दोन ट्रंका १६ घनफूट, त्यामागचे हंडे आणि घंगाळ २०, गच्चीवरची पाण्याची टाकी ३०, अंगणातल्या कुंड्या १०. एकूण ७६, पोकळी धरून ९५. आता ४४५ अधिक ९५ म्हणजे ५४०. गाडीत जागा ५०४! अंदाज एक पंचमांशाने चुकला, पण भाडे एक पंचमांशाने वाढत नाही. गाडीची दुसरी फेरी करावी लागते किंवा मोठी गाडी आणावी लागते. भाडे उतारासारखे हळूहळू चढत नाही, पायरीसारखे एकदम चढते.

आणि हे कळते केव्हा? अर्धे सामान गाडीत चढल्यावर. तेव्हा घरमालकाला घासाघीस करायला वावच नसतो. अमेरिकेत यासाठी नियम आहे : अंदाज बंधनकारक नसला तरी सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, उरलेली नंतर घ्यावी लागते. तिथे वजनावर भाडे असेल तर गाडी रिकामी व भरलेली अशी दोनदा काट्यावर घालतात. आपल्या बाजारपेठेत कापसाची गाडी भुईकाट्यावर दोनदा चढते, तीच ही रीत. आपल्याकडे उत्तम उपाय म्हणजे लेखी यादी. माळा, गच्ची, परस आणि पलंगाखालची जागा दाखवून केलेली, दोघांच्या सह्या असलेली. फोनवरून ‘तीन खोल्यांचे सामान’ एवढेच ऐकून सांगितलेले भाडे स्वस्त वाटते खरे, पण त्यात माळा धरलेला नसतो.

करून पाहा

१. आपल्या घरातल्या एका खोलीकडे फक्त पाहून सामानाचे घनफूट लिहा. मग फूटपट्टीने प्रत्येक वस्तू मोजून पुन्हा बेरीज करा. फरक मापाच्या चुकीने पडला की विसरलेल्या वस्तूंनी, ते वेगवेगळे लिहा.

२. एका खोक्यात पुस्तके व तशाच दुसऱ्या खोक्यात कपडे भरून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. दोन्हींची घनता काढा. मोठ्या खोक्यात पुस्तके का भरत नाहीत, ते तुमचे तुम्हालाच उमगेल.

३. शिक्षकांनी वर्गात तीन-तीन मुलांचे गट करून प्रयोगशाळेचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर हलवण्याचा अंदाज मागवावा : घनफूट, किलो, खेपा आणि वेळ. शेवटी सर्व याद्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात. कोणत्या गटाचा गुणाकार चुकला यापेक्षा कोणत्या गटाने कपाटाच्या वरचे सामान पाहिलेच नाही, याची चर्चा अधिक रंगेल.