चिहिरो इवासाकी : जलरंगातले बालपण

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठी अनुवादातून घरोघरी पोहोचले आणि त्यातील मुख्याध्यापक कोबायाशी यांची शाळा पालक-शिक्षकांच्या चर्चेचा विषय झाली. मात्र मूळ जपानी पुस्तकातील चित्रे ज्यांची, त्या चिहिरो इवासाकी यांचे नाव त्या मानाने अपरिचितच राहिले. ते पुस्तक १९८१ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा इवासाकी यांच्या निधनाला सात वर्षे लोटली होती. म्हणजे ही चित्रे त्या कथेसाठी काढलेलीच नव्हती. तरीही ती कथेशी एकरूप होतात, याचे कारण त्यांच्या शैलीत जितके आहे, तितकेच चित्रकाराच्या हक्कांविषयीच्या त्यांच्या आग्रहातही आहे.

इवासाकी यांचा जन्म १५ डिसेंबर १९१८ रोजी फुकुई प्रांतातील ताकेफू येथे झाला आणि त्या टोकियोत वाढल्या. चौदाव्या वर्षी त्यांनी ओकादा साबुरोसुके यांच्याकडे रेखाटन आणि तैलचित्रणाचे धडे घेतले. पुढे त्या सुलेखनही शिकल्या. घरच्यांनी ठरवलेला पहिला विवाह पतीच्या मृत्यूने अल्पकाळातच संपला, तर मे १९४५ मधील हवाई हल्ल्यात टोकियोतील घर जळाल्याने कुटुंबाला नागानो प्रांतात आश्रय घ्यावा लागला. युद्धाने दाखवलेल्या या विध्वंसानंतर त्या १९४६ मध्ये जपानी कम्युनिस्ट पक्षात सामील झाल्या आणि टोकियोला परतून वृत्तपत्रात काम करतानाच, हिरोशिमाच्या संहारावरील भव्य चित्रमालिकेमुळे पुढे ख्यातनाम झालेल्या इरी आणि तोशी मारुकी या दांपत्याकडे चित्रकलेचा अभ्यास करू लागल्या.

अँडरसनच्या कथेवरील कामिशिबाईसाठी, म्हणजे एकेक चित्रफलक सरकवत श्रोत्यांसमोर गोष्ट सांगण्याच्या जपानी प्रकारासाठी, त्यांनी काढलेल्या चित्रांना १९५० मध्ये शिक्षणमंत्र्यांचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांचा झेनमेई मात्सुमोतो यांच्याशी विवाह झाला. पती वकिलीच्या परीक्षेची तयारी करत असताना संसाराचा भार चिहिरो यांच्या चित्रांनीच उचलला.

त्यांच्या परिपक्व शैलीत मुलांच्या आकृतींना ठळक बाह्यरेषा क्वचितच असते. पहिला रंग ओला असतानाच त्यात दुसरा सोडून दोन्ही आपोआप मिसळू देण्याचे ‘तराशिकोमी’ हे पारंपरिक तंत्र त्यांनी पाश्चात्त्य जलरंगांत वापरले, आणि सुलेखनाच्या सरावातून आलेली कोऱ्या जागेची जाण त्याला जोडली. पार्श्वभूमी जवळजवळ पुसून टाकल्यामुळे त्यांची मुले एका घराची किंवा गावाची राहत नाहीत. मात्र शरीराचे निरीक्षण इतके नेमके असते, की दहा महिन्यांचे बाळ आणि वर्षाचे बाळ यांतील फरकही दिसतो. ‘पावसाळी दिवशी घरी एकटी’ अशा आशयाच्या १९६८ मधील पुस्तकात तर आईची वाट पाहणाऱ्या मुलीची धास्ती घटनांपेक्षा रंगांच्या ओलाव्यातूनच व्यक्त होते.

या कोमलतेमागे युद्धाची आठवण कायम होती. हिरोशिमाच्या मुलांनी लिहिलेल्या अनुभवांसाठी त्यांनी १९६७ मध्ये रंग बाजूला ठेवून काळ्या-करड्या छटांत चित्रे काढली, आणि व्हिएतनामवर बॉम्ब पडत असताना स्वतःच्या युद्धस्मृतींची जोड देऊन युद्धाच्या ज्वाळांत सापडलेल्या मुलांवरचे पुस्तक १९७३ मध्ये पूर्ण केले. ८ ऑगस्ट १९७४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या ५५ वर्षांच्या होत्या.

त्या काळी जपानमध्ये पुस्तकासाठी काढलेले मूळ चित्र छपाईनंतर प्रकाशकाकडेच राहणे रूढ होते आणि कथाचित्र हे लेखनाचे दुय्यम अंग मानले जाई. कामे गमावण्याचा धोका पत्करूनही इवासाकी यांनी मूळ चित्रे परत मिळावीत आणि चित्रकाराचा स्वामित्वहक्क मान्य व्हावा, असा आग्रह धरला. त्यामुळेच कुटुंबाकडे उरलेल्या संग्रहातून १९७७ मध्ये त्यांच्या टोकियोतील घराच्या जागी बालचित्रपुस्तकांना वाहिलेले संग्रहालय उभे राहिले, ज्यात आज त्यांची नऊ हजारांहून अधिक चित्रे जतन केलेली आहेत. १९९७ मध्ये अझुमिनो येथे दुसरे संग्रहालय सुरू झाले. कुरोयानागी यांनी आपल्या आठवणींसाठी चित्रे निवडली ती याच संग्रहातून. एखाद्या प्रकाशकाच्या कपाटात ती विखुरली असती, तर तोत्तोचानला हा चेहरा लाभलाच नसता.